स्टार ट्रेकच्या कादंबऱ्या: आठ महिने वाचल्यानंतर

गेल्या पावसाळ्यात भाच्याने विचारलं, "मामा, २००९ च्या सिनेमात रोम्युलस ग्रह नष्ट झाला ना, मग पुस्तकांत त्याचं पुढे काय केलंय?" मला सांगता येईना. स्टार ट्रेक या अमेरिकी अंतराळकथेच्या टीव्ही मालिका पाहिल्या होत्या, सिनेमे तर पाठच होते, पण पुस्तकांच्या वाटेला कधी गेलो नव्हतो. सिनेमावरून निघालेली कादंबरी म्हणजे लग्नात उरलेली जिलबी दुसऱ्या दिवशी दुधात घालून खाणं, असं माझं ठाम मत होतं. आठ महिन्यांत वीस पुस्तकं झाली. थोडी ई-रीडरवर, बाकीची जुनी, मागवून घेतलेली. मत बदललंय, पण सगळ्याच पुस्तकांबद्दल नाही.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. सिनेमात २३८७ साली एका ताऱ्याचा स्फोट होतो, रोम्युलस जातो आणि म्हातारा स्पॉक, अगदी पहिल्या मालिकेपासूनचं पात्र, भूतकाळात फेकला जातो. तिथून नवा काळ, म्हणजे इतिहासाची वेगळी फांदी, फुटतो आणि सिनेमा त्या नव्या काळातच रमतो. जुन्या काळात मागे उरलेल्या जगाचं काय, हे तो विचारत नाही. पुस्तकं मात्र त्या जुन्याच काळात चाललेली होती. त्यामुळे २००९ पासून त्या लेखकांच्या डोक्यावर एक तारीख टांगलेली, आणि तीही दुसऱ्याने ठरवलेली.

सरळ सिनेमाचीच गोष्ट सांगणारं पुस्तक मी पहिलं घेतलं. दोन रात्रींत संपलं आणि विसरलोही. पाहिलेलं पुन्हा वाचण्यात मला तरी काही मिळालं नाही.

खरी मजा त्याच्या आधीच्या सिनेमाभोवती, म्हणजे २००२ च्या 'नेमेसिस'भोवती आहे. सिनेमा धड नाही, पण त्यातल्या फटी पुस्तकवाल्यांनी काय वापरल्यात! वर्फचंच बघा. हा क्लिंगॉन या लढवय्या परग्रही जमातीतला अधिकारी. 'डीप स्पेस नाइन' ही मालिका १९९९ मध्ये संपली तेव्हा तो क्लिंगॉन साम्राज्यात फेडरेशनचा, म्हणजे माणसांसह अनेक ग्रहांच्या संघाचा, राजदूत झाला होता. 'नेमेसिस'मध्ये बघावं तर गणवेश घालून एंटरप्राइझ जहाजावर हजर, तिथला उपकप्तान रायकरच्या लग्नात डोकं धरून बसलेला. राजदूतपदाचं काय झालं, यावर सिनेमात चकार शब्द नाही. २००४ मध्ये नऊ पुस्तकांची एक मालिका आली, प्रत्येकाच्या नावाची सुरुवात 'अ टाइम' या शब्दांनी. तिच्या शेवटी वर्फ राजदूतपद सोडतो आणि त्याच्या जागी त्याचा मुलगा अलेक्झांडर येतो. बापाला क्लिंगॉन म्हणून कायम कमी वाटलेला मुलगा त्याच्याच खुर्चीत बसतो. सिनेमाच्या लेखकांनी बहुधा नजरचुकीने सोडलेली फट, आणि तिच्यातून बाप-लेकाची अख्खी गोष्ट निघाली. तिथे मी वाचायचा थांबलो आणि बायकोला उठवून सांगितलं. तिची प्रतिक्रिया इथे लिहीत नाही.

नऊही पुस्तकं घ्या असं म्हणणार नाही. पहिल्या चारांत पाणी फार आहे. डेव्हिड मॅकची सातवं आणि आठवं मात्र सोडू नका. फेडरेशनच्याच अध्यक्षाने एका ग्रहावर गुपचूप तोफा बसवलेल्या असतात, आणि ते झाकण्यापायी काय काय होतं ते त्यात आहे.

'नेमेसिस' जिथे संपतो तिथूनच २००५ मध्ये 'टायटन' मालिका सुरू होते. रायकर नव्या जहाजाचा कप्तान, रोम्युलन सिनेट सिनेमात मारली गेलेली, आणि सत्तेसाठी वेगवेगळे गट एकमेकांच्या नरड्यावर. सिनेमाने हत्याकांड दाखवून हात झटकले, पुस्तक त्या रिकाम्या खुर्च्यांभोवती उभं राहतं. जहाजावर साडेतीनशे जण, त्यात माणसं पंधरा टक्केही नाहीत. डॉक्टर री तर डायनासोरच्या घडणीचा, मांसाहारी. रोग्यावर वाकून बघताना त्याचे दात दिसतात.

पण २३८७ चं काय? २००९ नंतर दहा वर्षं पुस्तकं त्या तारखेच्या अलीकडेच घुटमळत राहिली. रोम्युलन राजकारण रंगतंय, नवे करार होतायत, आणि आपल्याला ठाऊक की हे सगळं जळणार आहे. उना मॅकॉर्मॅकचं 'द लास्ट बेस्ट होप' आलं तेव्हा २०२० उजाडलं होतं, आणि तेही एंटरप्राइझचा जुना कप्तान पिकार्ड याच्या नव्या मालिकेला धरून, आधीची पुस्तकं बाजूला ठेवून. नव्वद कोटी लोकांना हलवायचं, त्यासाठी जहाजं बांधायची, कारखान्यात माणसं पुरत नाहीत म्हणून कृत्रिम कामगार घ्यायचे. आणि रोम्युलन सरकार संकट किती मोठं आहे हेच दडवून ठेवतंय. स्फोटाचं वर्णन शोधत मी पानं उलटत होतो, पुस्तक मला बैठका आणि परवानग्यांत फिरवत होतं. निम्म्यावर आल्यावर कळलं की बुडणार ते या बैठकांतच. सिनेमातलं एक मिनिट इथे माणसांना पेलवेनासं होतं.

(पुढच्या परिच्छेदात शेवट फुटतो. वाचायचं असेल तर तो सोडा.)

आता जुन्या पुस्तकांच्या जगाचं काय करायचं? पडद्याशी ते आता जुळतच नव्हतं. प्रकाशकांनी गप्प बसून दुकान बंद केलं असतं तरी कोण विचारणार होतं? पण २०२१ मध्ये वॉर्ड, स्वॉलो आणि मॅक या तिघांनी 'कोडा' नावाची तीन पुस्तकं लिहिली. १९९६ च्या 'फर्स्ट कॉन्टॅक्ट' सिनेमात बोर्ग, म्हणजे अर्धे जीव अर्धी यंत्रं असलेले शत्रू, भूतकाळात घुसतात ना, त्याच घुसखोरीतून हा पुस्तकी काळ फुटला होता, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे ज्या सिनेमाला आपण गेली पंचवीस वर्षं मूळ धाग्यातला मानत होतो, त्यातूनच ही फांदी निघालेली. आणि आता इतर काळ तगावेत म्हणून ही फांदी इथल्याच माणसांनी छाटायची. वाचकांच्या दिवाणखान्यातलं पुस्तकांचं कपाटच जणू लेखकांनी स्वतःच्या हाताने रिकामं केलं. अनेक वाचक चिडले असतील तर मी समजू शकतो. तिसरं पुस्तक मी चार दिवस टाळलं, कारण संपवायचं नव्हतं.

तक्रारी आहेतच. क्रम लावणं म्हणजे डोकेदुखी. मुखपृष्ठावर आकडा असेलच असं नाही. जुन्या पुस्तकांच्या एका ऑनलाइन दुकानाने मला 'डेस्टिनी' या तीन पुस्तकांच्या मालिकेचा दुसरा भाग दोनदा पाठवला आणि तिसऱ्यासाठी सहा आठवडे रखडवलं. दुसरा भाग अशा ठिकाणी संपतो की सहा आठवडे काढणं अवघड. मारामाऱ्यांची पानंच्या पानं मी सर्रास ओलांडली.

नव्याने सुरू करणाऱ्याने 'नेमेसिस' पाहून टायटनची पहिली दोन, मग 'डेस्टिनी'ची तिन्ही एकदम हातात घेऊन बसावं. 'कोडा' अगदी शेवटी, आणि आधीची निदान दहा वाचली असतील तरच, नाहीतर रडायला कोणी ओळखीचं नसेल.

भाच्याला अजून उत्तर दिलेलं नाही. टायटनचं पहिलं पुस्तक देऊन ठेवलंय. परवा त्याचा मेसेज आला, डॉक्टर रीचं चित्र कुठे मिळेल म्हणून.