तपकीर गल्लीतले स्पीकरवाले: दोन्ही 'च' वेगळे ऐकू आले

घरात जुने लाकडी स्पीकर असतील आणि टाकवत नसतील तर पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जा. दुकानाला पाटी नाही. पासोड्या विठोबाच्या बाजूने आत शिरा आणि 'स्पीकरचा फोम बदलणारे कुठे बसतात' म्हणून कोणालाही विचारा. अरुंद जिना आहे, कठड्याची दोरी घट्ट धरून चढायचं. वर दहा बाय दहाची खोली, मधे एक टेबल आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या पेट्या. मी तिथे तीन वेळा जाऊन आले आहे, म्हणून खात्रीने लिहिते.

आमचे स्पीकर ह्यांनी १९९६ साली दिवाळीच्या बोनसमधून घेतलेले. एकेक पेटी सहा किलोची. गेली दोन वर्षं खालचे स्वर फरफरत होते आणि बाकी सगळं घोंगडीआडून आल्यासारखं वाटत होतं. आधी घराजवळच्या एका मोठ्या दुकानात नेले. तिथल्या मुलाने स्क्रूसुद्धा न काढता सांगितलं, "काकू, याचे पार्ट येत नाहीत आता. ब्लूटूथ घ्या." मला त्याचं फार वाईट वाटलं. निदान उघडून तरी बघायचं.

मला हे स्पीकर नीट हवे होते ते एका स्लोव्हेन गायिकेसाठी. मी एकतीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. माझी एक विद्यार्थिनी नोकरीनिमित्त ल्युब्ल्यानाला, म्हणजे स्लोव्हेनियाच्या राजधानीत, राहते. तिने एके दिवशी मला तिथल्या भाषेतलं 'असणे' हे क्रियापद लिहून पाठवलं. एकवचन सेम, सी, ये. द्विवचन स्वा, स्ता, स्ता. बहुवचन स्मो, स्ते, सो. खाली एवढंच, "बाई, ओळखा." मी चहा गॅसवर ठेवला होता तो उतू गेला. स्वः, स्थः, स्तः. स्मः, स्थ, सन्ति. जे द्विवचन मुलं परीक्षेपुरतं घोकतात आणि निकाल लागला की विसरतात, ते तिथे भाजी आणायला गेलेली नवरा-बायको रोज बोलतात. 'आम्ही दोघं' म्हणायचं तर 'मिद्वा स्वा'. आवां स्वः!

मग तिने गाणंही पाठवलं. अलेन्का गोतार ही ऑपेराचं गाणं शिकलेली सोप्रानो, म्हणजे स्त्रीच्या सर्वांत उंच पट्टीचा आवाज. २००७ साली हेलसिंकीला झालेल्या युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेत ती स्लोव्हेनियातर्फे गायली. गाण्याच्या नावाचा अर्थ 'दक्षिणेकडचं फूल'. चाल आंद्रेय बाबिच या क्रोएशियन संगीतकाराची. खाली नाचाच्या गाण्याचा ठेका, वर ऑपेराचा आवाज. अंधाऱ्या रंगमंचावर तिच्या तळहातात एक छोटा दिवा आहे, आणि तो ती चेहऱ्याजवळ नेते तेव्हा फक्त चेहरा उजळतो. त्या वर्षी उपांत्य फेरीत २८ देश होते. त्यात ती १४० गुण मिळवून सातवी आली. उपांत्य फेरी २००४ पासून सुरू झाली होती आणि ती ओलांडून स्लोव्हेनिया अंतिम फेरीत पोचला तो या गाण्याने, पहिल्यांदाच. अंतिम फेरीत ६६ गुण, पंधरावा क्रमांक.

पंधरावा क्रमांक म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी सांगते, त्या अख्ख्या देशात सुमारे २१ लाख माणसं आहेत. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे शहरात ३१ लाख होती. एवढ्याशा भाषेतली बाई सगळ्या युरोपसमोर उभी राहते आणि स्वतःच्याच भाषेत गाते. ऑपेरा शिकणाऱ्याला इटालियन, जर्मन, फ्रेंच या भाषांचे उच्चार तोंडात बसवावेच लागतात. तरीही तिथे ती स्लोव्हेनमध्ये गायली, याचं मला फार मोल वाटतं.

अशा गाण्याला 'क्लासिकल क्रॉसओव्हर' म्हणतात. शास्त्रीय आवाज आणि लोकांच्या ओठांवरची चाल. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी १९८७ मध्ये मोन्सेरात काबाये या थोर सोप्रानोबरोबर 'बार्सेलोना' गायला, तेही हेच. जाणकार मंडळी याला भेसळ म्हणतात. मला तसं वाटत नाही. बंदिशीचा राग पाच मिनिटांच्या पदात बसवून तो नाटकाच्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणारी माणसं आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी होती. आमच्या आजीला भीमपलास माहीत होता तो नाट्यपदांतूनच.

तर दुरुस्ती. रिक्षाने दोन्ही पेट्या नेल्या. दुकानातले दादा पन्नाशीचे असतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, यावर काय ऐकता तुम्ही?" मी मोबाइलवर गोतारबाईंचं गाणं लावून दिलं. दादांनी डोळे मिटून ऐकलं. आधी फक्त डावा, मग फक्त उजवा, मग पुन्हा डावा. मला म्हणाले, "बाईंचा आवाज वर गेला की शब्द पुसले जातात. तुमची तक्रार हीच ना?"

अगदी हीच! स्त्रीचा आवाज खूप वर गेला की स्वर एकमेकांत मिसळतात. इ काय, उ काय, सगळ्यांचा 'आ' होत जातो. हे गाणाऱ्याच्या घशाचं नैसर्गिक वागणं आहे, त्यात तिचा दोष नाही. मग शब्द ओळखायचा तो व्यंजनांवरून, आणि स्लोव्हेन व्यंजनांत तर मराठी माणसाची चैन आहे. आपण 'चमचा' मधला च आणि 'चहा' मधला च वेगळा म्हणतो, पण लिहितो एकाच अक्षराने. मुलांना शुद्धलेखनात हे सांगताना माझी दमछाक व्हायची. स्लोव्हेनमध्ये त्या दोघांना दोन वेगळी अक्षरं आहेत. साधा सी म्हणजे 'चमचा'तला, डोक्यावर टोपी घातलेला सी म्हणजे 'चहा'तला. गोतारबाईंच्या गाण्याचं नाव सुरू होतं तेच चमच्यातल्या च ने. पण आमच्या स्पीकरवर दोन्ही च, स आणि श सगळे एकाच ओल्या फडक्याने पुसल्यासारखे यायचे.

दादांनी डावी पेटी उघडली. वूफरच्या, म्हणजे खालच्या आवाजाच्या मोठ्या शंकूसारख्या कोनच्या, कडेची फोमची रिंग बोट लावताच भुगा होऊन हातात आली. "वीस-पंचवीस वर्षांत होतंच हे," म्हणाले. फरफर त्याची. पण शब्द जात होते ते वेगळ्या कारणाने. वरचा छोटा, उंच आवाजाचा ट्विटर मीटरवर ठीक होता. त्यांनी आतली विड्याच्या पानाएवढी पट्टी बाहेर काढली, त्यावरचा कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, सुटा करून मीटरला लावला. वर छापलंय ४.७ मायक्रोफॅरड, मीटर दाखवतोय १.९. "वाळला. च, स, श हे सगळं ट्विटरचं काम. हाच वाळला तर ट्विटरपर्यंत माल पुरेसा जातच नाही. या पट्टीला क्रॉसओव्हर म्हणतात."

मी म्हटलं, "अहो, या बाईंच्या गाण्यालाही क्रॉसओव्हरच म्हणतात." ते पहिल्यांदा हसले. मग मला समजावून सांगितलं: खालचा आवाज मोठ्या कोनला, वरचा छोट्याला, अशी वाटणी ही पट्टी करते, आणि वाटणी चोख झाली की ऐकणाऱ्याला जोड कळत नाही. मी तिथेच स्टुलावर बसून ते वहीत लिहून घेतलं.

खर्च असा आला: दोन्ही वूफरच्या रिंगा ९०० रुपये, चार कंडेन्सर ३२०, मजुरी ६००. एकूण १,८२०. जुन्या पद्धतीचे ओले कंडेन्सर न घालता फिल्मचे घातले, ते वाळत नाहीत म्हणाले. उजव्या पेटीचे अजून चालत होते, तरी तेही बदलले. दोन्ही बाजू एकसारख्या हव्यात, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत दिले. ही सचोटी मला फार आवडली.

आता खटकलं ते. आठ दिवस सांगितले, अकरा लागले, आणि मधे दोनदा फोन उचलला नाही. चौकशीला मी मेट्रोने मंडईला उतरून चालत गेले, तेव्हा कळलं की रिंगा चिकटवल्यावर पहिल्यांदा कोन मधोमध बसला नव्हता, म्हणून त्यांनी त्या सोडवून पुन्हा लावल्या. हे फोनवर सांगितलं असतं तर माझी एक खेप वाचली असती. पावती मागितल्यावर कागदाच्या चिठ्ठीवर लिहून दिली. उजव्या जाळीच्या कापडावर गोंदाचा डाग पडलाय, तो अजून गेलेला नाही. गुडघ्याचं दुखणं असेल त्यांनी खालूनच हाक मारावी, त्यांचा मुलगा येऊन पेट्या वर नेतो.

घरी आणल्या त्या संध्याकाळी ह्यांनी वायरी जोडल्या. मी आधी 'बार्सेलोना' लावलं. पुरुषाचा आवाज आणि स्त्रीचा आवाज दोन जागी स्पष्ट उभे राहिले, मधे मोकळी जागा. मग गोतारबाई. सुरुवातीच्या हळू ओळींतच पहिल्या शब्दाचा तो च आला, जिभेचं टोक दातांमागे टेकवून सोडलेला, चमच्यातला. मी गाणं थांबवून पुन्हा सुरुवातीपासून लावलं. पुढे आवाज वर चढला, ठेका सुरू झाला, खाली फरफर नाही. आणि अगदी वर, जिथे सगळे स्वर 'आ' होतात, तिथेही मला व्यंजनांवरून शब्द कुठे तुटतो ते कळत होतं. अर्थ सगळा कळत नाही अजून. विद्यार्थिनी दर रविवारी फोनवर चार ओळी शिकवते, आणि आता मी तिला उच्चार विचारते तेव्हा माझा कान बरोबर असतो.

ह्यांनी विचारलं, "पुन्हा तेच?" मी म्हटलं, बसा, तुम्हीही ऐका. आठ वाजता कुकर लावायचा राहिला तो नऊला लावला.

जाताना स्वतःचं एक गाणं घेऊन जा, रोजच्या ऐकण्यातलं. ते लावूनच दादा तपासतात. आणि दुपारी चारनंतर जा, त्याआधी ते सोल्डरिंगला बसलेले असतात आणि मान वर करत नाहीत.