मार्चच्या गाडीला जूनचा दिवा

मी फर्निचरवाला आहे. साताऱ्यात एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, बावीस वर्षं झाली. कपाटाच्या दोन शटरमधली फट वर तीन एमएम आणि खाली चार दिसली तर मी कारागिराला बिजागरी पुन्हा खोलायला लावतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही हसणारच आहात. माझा धाकटा भाऊ अजून हसतोय.

गेल्या दसऱ्याला पुण्यातल्या एका शोरूममधून नवी गाडी घेतली. टर्बो इंजिन, लाल रंग. दोन दारांची किंवा जमिनीला टेकलेली नव्हे. कंपनी तिला ‘स्पोर्ट’ म्हणते, आमची गल्ली स्पोर्ट्स कार. एक्स-शोरूम १२,४९,०००. रोड टॅक्स बारा टक्क्यांनी १,४९,८८०. टीसीएस, म्हणजे शोरूमनं आधीच घेतलेला आयकर, १२,४९० (हे रिटर्न भरताना वळते होतात, विसरू नका, मी विसरणार होतो). इन्शुरन्स ५८,४००, जो माझा मित्र ४६,२०० मध्ये देत होता. ‘हँडलिंग’ ९,५००, म्हणजे काय ते अजून कोणी सांगितलेलं नाही. सिरॅमिक कोटिंग २४,०००. एकूण १५,०३,२७०. त्यातून ४०,००० वजा, ‘एक्स्चेंज बोनस’ म्हणून.

माझ्याकडे एक्स्चेंजला द्यायला गाडीच नव्हती. विचारलं तर सेल्समन म्हणाला, “सर, तुमच्यासाठी अ‍ॅडजस्ट केलंय.” आणि मी खूश झालो. बाकीकडे आठ आठवडे वेटिंग, इथं ‘एक बुकिंग कॅन्सल झालंय, दसऱ्याला नेऊ शकता’, वर चाळीस हजारांची सूट. गिऱ्हाईक स्वतःहून जाळ्यात चालत येतं ते असं. कोटिंग नको म्हणालो तर ‘ते गाडीवर आधीच मारलंय’. मी बुक करायच्या आधी, माझ्या गाडीवर कोटिंग कोणी आणि कशासाठी मारलं? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. १४,६३,२७० भरले. त्यातलं नऊ लाख कर्ज, साडेनऊ टक्क्यांनी, पाच वर्षांचं.

आता कोणी म्हणेल, डिलिव्हरीआधी गाडी तपासायची नाही का? तपासायला गेलो होतो हो. दोन दिवस आधी सुट्टी टाकून गेलो. यार्डात चिखल आहे, गाडी वॉशिंगला गेलीय, मॅनेजर जेवायला गेलेत. दीड तास बसवून चहा पाजला आणि शेवटी तेवीस फूट लांबून एक लाल गाडी दाखवली. तेवीस फूट मी उगाच नाही म्हणत, नजरेनं मोजायचीच सवय आहे. दसऱ्याला दुपारी बाराची वेळ दिली आणि गाडी समोर आली संध्याकाळी साडेसातला. घरचे सगळे बरोबर, आईचे गुडघे दुखायला लागलेले, कंदी पेढ्यांचे दोन बॉक्स गाडीत गरम होऊन बसलेले. त्या अवस्थेत माणूस बॉनेटखाली वाकून बघत नाही.

पण एक माणूस वाकलं होतं. लाल सॅटिनचं कापड ओढलं, टाळ्या झाल्या, केक आला. माझी मुलगी नववीत आहे. ती बॉनेटच्या कडेनं बोट फिरवत होती. म्हणाली, “बाबा, इकडे बोटाचं टोक आत जातंय आणि वर काचेकडे नखसुद्धा जात नाही.” मी काय म्हणालो? “गप, फोटो काढ.” सेल्समननं हसून तिच्या हातात चॉकलेट ठेवलं. तो माणूस त्या क्षणी तिच्या बोटाकडे बघत होता, माझ्याकडे नाही. हे मला आजही रात्री दोन वाजता दिसतं. आयुष्यभर फटी मोजून पोट भरलं आणि चौदा लाखांची फट पोरीनं दाखवली तर तिला गप्प बसवलं.

दुसऱ्या दिवशी खिंडीतल्या गणपतीला नारळ फोडून आलो. दहा दिवस गाडी मिरवली. मग एका संध्याकाळी वर्कशॉपच्या शेडमध्ये लावली आणि वरच्या ट्यूबलाइटची रेघ गाडीवर पडली. उजव्या फेंडरवर, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, सरळ. डाव्यावर पाण्यात पडल्यासारखी हलती, संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत रंग. लाकडावर पीयू पॉलिश मारणाऱ्या माणसाला हे कळायला एक सेकंद लागतो. पोटात खड्डा पडला. सनमायकाच्या एक एमएमच्या पट्ट्या कापल्या. बॉनेट आणि उजव्या फेंडरमधल्या फटीत वरपासून खालपर्यंत चार पट्ट्या घट्ट. डावीकडे काचेपाशी दोन, हेडलाइटपाशी सहा.

ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याला बोलावलं. त्यानं रंगाची जाडी मोजायचं मीटर आणलं. बॉनेट १२४ मायक्रॉन (एक एमएम म्हणजे हजार मायक्रॉन), उजवा फेंडर ११८. डावा फेंडर ३४२, त्यामागचं दार २६५. कंपनीतून आलेला रंग साधारण १०० ते १५० मध्ये असतो. दाराच्या रबरावर लाल रंगाची बारीक धूळ बसलेली. मग बॉनेट उघडून मोबाइलच्या उजेडात फेंडरचे बोल्ट दाखवले, कोपऱ्यांवरचा रंग उडालेला. “शेठ, पाना लागलाय. ही गाडी कुठंतरी बसलीय.”

ट्रेलरवरून उतरवताना घासली की टेस्ट ड्राइव्हला ठोकली, देव जाणे. पण खरा पुरावा त्यालाही नंतर सापडला. दोन्ही हेडलाइटच्या मागं स्टिकर असतं, त्यावर दिवा कधी बनला ती तारीख. उजवा फेब्रुवारीचा, डावा जूनचा. फॉर्म २१ वर, म्हणजे विक्री प्रमाणपत्रावर, गाडी बनल्याचा महिना मार्च. मार्चमध्ये जन्मलेल्या गाडीत जूनमध्ये जन्मलेला दिवा कसा बसला? नुसत्या फटीवर भांडू नका, ‘टॉलरन्स’, म्हणजे एवढा फरक चालतो, म्हणून उडवून लावतात. बोल्टवर भांडलं तर ‘फॅक्टरीतच अलाइन करताना पाना लागतो’. तारखेला त्यांच्याकडे उत्तर नाही.

उत्तर नाही म्हणजे दिलं नाही असं नव्हे. शोरूमचा मॅनेजर म्हणाला, “साहेब, गाडी पळते ना?” कंपनीला ईमेल केला, तक्रार क्रमांक आला, चार दिवसांनी ‘आपलं समाधान झाल्याबद्दल धन्यवाद’ म्हणून तक्रार बंद. पुन्हा केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा त्यांचा इंजिनिअर आला, चार मिनिटं गाडीभोवती फिरला आणि ‘वाहन चालवण्यास योग्य’ लिहून गेला. मी कधी म्हणालो चालत नाही? दिव्याचं विचारलं तर म्हणे तो सप्लायरचा विषय. पोलिसांकडे गेलो, तर हे दिवाणी आहे, इथं कशाला आलात. गाडीच्या नोंदणीचं काम जिथं चालतं तिथं गेलो. खिडकीतल्या माणसानं चेसिस नंबर बघितला, जुळला, झालं. “फटी बघणं आमचं काम नाही.” नवीन गाडी आता तिथं दाखवायलाही न्यावी लागत नाही, शोरूमच कागद चढवतं, म्हणजे मधे गाडीला हात लावून बघणारं कोणी उरलंच नाही. मग काम कोणाचं आहे? वर्कशॉपमध्ये मी पाण्यात टिकणाऱ्या बीडब्ल्यूपी प्लायच्या नावाखाली साधा कमर्शियल लावला तर गिऱ्हाईक मला घरी येऊन शिव्या देतं, आणि द्यायलाच पाहिजेत. इथं प्रत्येक जण पुढची खिडकी दाखवतो, आणि पुढच्या खिडकीवर जेवणाची सुट्टी असते.

मधल्या काळात शोरूमनं २५,००० च्या अ‍ॅक्सेसरीज देऊ केल्या, सोबत एक छापील पत्र: ‘माझी कोणतीही तक्रार नाही.’ सही केली नाही. असलं पत्र आलं तर फाडू नका, फोटो काढून ठेवा. फसवलं नव्हतं तर हे पत्र कशाला?

नंबर पडायच्या आधी, सगळे पैसे भरायच्या आधी गाडी दिवसाउजेडी बघा, आणि बघितली त्याच गाडीचा चेसिस नंबर बिलावर येतोय ना ते पाहा. एकदा तुमच्या नावावर चढली की ती ‘वापरलेली’ होते आणि बदलून मागणं अवघड होतं. धुतलेली, ओली गाडी तपासू नका, पाण्यात रंग लपतो. मीटरवाला पाचशे-हजार घेईल, द्या. आणि बिलावर ‘पुणे न्यायक्षेत्र’ छापलंय म्हणून घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. मला हे शोरूमच्याच वकिलाच्या नोटिशीला उत्तर देताना कळलं. १० ते २० लाखांच्या व्यवहाराला सरकारी फी फक्त ४०० रुपये आहे. वकील २५,००० घेतोय, तो भाग वेगळा.

तक्रार दाखल झालीय. कायद्यात लिहिलंय की वस्तू तपासायला पाठवायची असेल तर पाच महिन्यांत निकालाचा प्रयत्न व्हावा. ‘प्रयत्न’ हा शब्द माझ्या वकिलानं दोनदा वाचून दाखवला. तोवर कोणी डाव्या बाजूला हात लावू नये म्हणून गाडी शेडमध्ये प्लायच्या थप्पीमागं झाकून उभी आहे. मी पुन्हा बाइकवर. हप्ता मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला जातो, १८,९०२ रुपये. त्यांच्या तारखेत कधी फट पडत नाही.