नाव १०५० टीआयचं, चिप भलतीच: सेकंडहॅन्ड ग्राफिक्स कार्ड घेताना झालेली फसवणूक

घरचा जुना पीसी कमी पैशांत अपग्रेड करायचा म्हणून सेकंडहॅन्ड ग्राफिक्स कार्ड शोधत असाल, तर आधी हे वाचा. माझ्या पुतणीला 'जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी' म्हणून विकलेलं कार्ड १ जीबीचं जीटीएक्स ५५० टीआय निघालं. पहिलं २०१६ सालचं मॉडेल, दुसरं २०११ चं. विंडोजमध्ये मात्र नाव अगदी ठळकपणे १०५० टीआयचंच दिसत होतं.

पुतणी आर्किटेक्चरला आहे. थ्रीडी मॉडेल फिरवायला घेतलं की तिचा पीसी मान टाकायचा. नवं कार्ड परवडत नव्हतं. जाहिरातीवरून एक विक्रेता मिळाला, घरूनच जुन्या पार्टचा धंदा करणारा आणि बोलायला गोड. "दादा, ऑफिसचा लॉट आलाय, फारसं वापरलेलंच नाही. लावून दाखवतो, मग पैसे द्या." त्यानं खरंच लावून दाखवलं. विंडोजमधला डिव्हाइस मॅनेजर उघडून नाव दाखवलं, मेमरी ४ जीबी दाखवली. साडेपाच हजार यूपीआयनं घेतले. बिलाचं विचारलं तर म्हणाला, "बिल हवं तर वर १८ टक्के जीएसटी लागेल, उगाच कशाला? महिनाभर गॅरंटी माझी." निघताना ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजमध्ये कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, पेनड्राइव्ह पुढे केला. "ड्रायव्हर यातलाच टाका. नेटवरून अपडेट करू नका."

सगळी मेख त्या शेवटच्या वाक्यात होती. ५५० टीआय ज्या फर्मी पिढीतलं आहे, तिच्यासाठी नवे ड्रायव्हर काढणं ही चिप बनवणाऱ्या एनव्हिडियानं २०१८ मध्येच थांबवलं. नाव नवं आणि चिप जुनी असल्यावर कंपनीचा ताजा ड्रायव्हर टाकला की पडदा काळा होणार, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

छोटी ड्रॉइंग चालत होती. जरा मोठं मॉडेल उघडलं की स्क्रीनवर रंगीत पट्टे यायचे आणि मशीन रीस्टार्ट व्हायचं. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "तुमचा एसएमपीएस कमी पडतोय, बदलून घ्या." एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, तोही बदलला. तो खर्च वेगळाच, आणि पट्टे होते तिथेच. त्यानंतर त्यानं फोन उचलणंच बंद केलं.

पुण्यातल्या तापकीर गल्लीत एका रिपेअरवाल्यांकडे कार्ड नेलं. त्यांनी हातात घेतल्या घेतल्या मागची पट्टी बघितली. "साहेब, याला व्हीजीए पोर्ट कसा?" १०५० टीआयच्या पिढीपासून चिपमधून जुन्या मॉनिटरच्या व्हीजीए केबलला लागणारा अॅनालॉग सिग्नल निघतच नाही, त्यामुळे त्या कार्डावर निळा व्हीजीए पोर्ट दिसला की तिथेच थांबायला हवं. मग त्यांनी चिप गार ठेवणाऱ्या हीटसिंकचे स्क्रू काढले, वाळून खडूसारखी झालेली पेस्ट स्पिरिटच्या कापसानं पुसली आणि भिंग माझ्या हातात दिलं. चिपवर बारीक अक्षरांत 'जीएफ ११६' कोरलेलं होतं. १०५० टीआयच्या चिपवर 'जीपी १०७' असतं. ती अक्षरं वाचताना मला जो संताप आला, तो अजून गेलेला नाही. शिकणाऱ्या पोरीचे साठवलेले पैसे होते ते.

ही लबाडी चालते अशी. कार्डावर एका छोट्या चिपमध्ये बायोस असतो. मशीन सुरू होताना कार्ड 'मी अमुक, माझी मेमरी इतकी' असं त्यातूनच सांगतं आणि विंडोज ते जसंच्या तसं मानतं. ठग तो बायोस बदलून खोटं नाव आणि खोटी मेमरी लिहितात. खऱ्या १ जीबीच्या आत काम आहे तोवर काही कळत नाही. त्यापलीकडचा डेटा आला की ठेवायला जागाच नसते, म्हणून ते पट्टे.

म्हणून डिव्हाइस मॅनेजरवर विसंबू नका. जीपीयू-झेड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेऊन जा, विक्रेत्याच्या मशीनवर आधीपासून असलेलं नको. ते चिपचं खरं नाव दाखवतं, आणि २०१८ पासूनच्या आवृत्त्यांत असं कार्ड असेल तर नावाच्या आधी 'फेक' असं छापूनच येतं. शेडर, म्हणजे चिपमधले चित्राचं गणित करणारे छोटे घटक, किती तेही बघा. खऱ्या १०५० टीआयला ७६८ असतात, आमच्या कार्डाला १९२ होते. मेमरी पुरती भरेल अशी जड टेस्ट समोर चालवायला लावा. आणखी एक गोष्ट विजेची. १०५० टीआय ७५ वॅटमध्ये चालतं, त्यातली बरीच कार्डं वेगळी पॉवर केबल मागत नाहीत. ५५० टीआयला ११६ वॅट लागतात. आमच्या कार्डाला सहा पिनांची केबल लागत होती, आणि विक्रेत्यानं मोलेक्सचं, म्हणजे एसएमपीएसच्या जुन्या चार पिनांच्या वायरला जोडायचं, कन्व्हर्टर 'फ्री' म्हणून दिलं होतं. जुन्या ऑफिस पीसीच्या लहान एसएमपीएसवर असा जुगाड करणं धोक्याचं आहे.

विकतानाही जपा. याच खर्चासाठी पुतणीनं जुना मॉनिटर विकायला काढला होता. घासाघीस न करता लगेच हो म्हणणाऱ्या एका गिऱ्हाइकानं क्यूआर कोड पाठवला, "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." वहिनी शेजारीच बसल्या होत्या, त्यांनी फोन काढून घेतला म्हणून वाचलो. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही.

असे पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तात्काळ फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात सरकते. धंदा म्हणून माल विकणाऱ्यानं खोटा माल दिला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सांगता येतं, आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. पण हातात काहीतरी लेखी हवं. जीएसटी वाचवायचं गाजर दाखवून बिल टाळतात ते यासाठीच. आमच्याकडे बिल नाही. यूपीआयची नोंद, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि चिपचा फोटो जोडून तक्रार दिली आहे.

"तुम्हीही कुणाला तरी विकून टाका," असा सल्ला काहींनी दिला. ते आम्ही करणार नाही. कार्डावर मार्करनं '५५० टीआय, १ जीबी' लिहून ते तक्रारीच्या कागदांसोबत ठेवलं आहे.