मसाल्याचं नाव बदलायला गेले आणि १,५६,१०० रुपये घालवून बसले

नागपूरच्या धरमपेठेत भाड्याचं ऑफिस थाटून ‘ब्रँडिंग आणि ट्रेडमार्कची सगळी कामं एका छताखाली’ असा बोर्ड लावणाऱ्या एका माणसाने माझ्याकडून ६८,००० रुपये घेतले. त्याच्या भरवशावर छापून घेतलेली पाकिटं ७१,३०० रुपयांची आणि दुकानाचा नवा बोर्ड १६,८०० चा. एकूण १,५६,१०० रुपये. आमच्यासारख्या मसालेवाल्यांची ही कमाई कशी जमते ते सांगायची गरज नाही. हे चारचौघांत सांगायची लाज वाटत होती, पण तो अजून धंदा करून राहिला आहे, म्हणून लिहिते.

सासूबाईंनी महालातल्या घरी तिखट-हळद विकायला सुरुवात केली, तेव्हा देवीच्या नावाचा गृहउद्योग पुरेसा होता. भिवापुरी मिरचीचं तिखट, काळा मसाला, उन्हाळ्यात शेवया, सरगुंडे, कुरडया. नंतर मी सावजी मसाला आणि पाटोडी रश्श्याचा तयार मसाला काढला. माल रायपूर-हैदराबादला जायला लागला, जीएसटी नंबर घेतला. पण त्याच देवीच्या नावाने विकणारे इतवारीतही आहेत आणि सक्करदऱ्यातही. दुसऱ्याचं जाळं लागलेलं तिखट घेऊन गिऱ्हाईक आमच्या दारात भांडायला यायचं. म्हणून नाव बदलायचं ठरवलं. तो निर्णय बरोबरच होता, आजही मी तेच म्हणेन.

बचत गटांच्या प्रदर्शनात तो स्टॉलवर आला. “वहिनी, चव एक नंबर आहे, पण नाव मार खाऊन राहिलं,” म्हणाला. पुढे त्याने जे सांगितलं त्यातलं बरंचसं खरं होतं, हे लक्षात घ्या. ट्रेडमार्क म्हणजे नावाची सरकारी नोंदणी, ती मालाच्या वर्गाप्रमाणे होते: मसाल्याला वर्ग ३०, लोणच्याला २९, विक्रीच्या सेवेला ३५, हे खरं. नोंदणी दहा वर्षांची असते, हेही खरं. मी बी.कॉम. आहे, घरचा हिशेब मीच ठेवते, कुणी येऊन बनवावं इतकी भोळी नाही. पण खोट्याला इतकं खरं चिकटवलं की कुणाचाही विश्वास बसेल.

तीन वर्गांची ‘सरकारी फी’ प्रत्येकी ९,००० प्रमाणे २७,००० आणि त्याची फी ११,५००. लोगो व पाकिटाचं डिझाइन १४,०००. डोमेन, वेबसाइट, इन्स्टाग्राम आणि गुगलवरची दुकानाची नोंद ९,५००. जीएसटीत नाव बदलायचे ३,५००, उद्यममध्ये (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीत) बदलायचे २,५००. आता ऐका. एकट्या मालकाचा किंवा लहान उद्योगाचा ट्रेडमार्क अर्ज ऑनलाइन भरला तर सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, ९,००० बाकीच्यांना. जीएसटीत नाव बदलायला सरकार एक पैसा घेत नाही. उद्यमचंही सगळं फुकट आहे.

आणि तो क्षण. झोपेतही तो डोळ्यांपुढे येतो. पहिले पैसे देऊन महिनाही झाला नव्हता, आणि हा घरी काचेच्या फ्रेममध्ये प्रमाणपत्र घेऊन आला. वर अशोकस्तंभ, खाली क्रमांक, मधोमध आमचं नवं नाव. सासूबाईंनी फ्रेमला हळद-कुंकू लावलं, पेढा त्याच्याच हातावर ठेवला. मी विचारलं, “दादा, इतक्यात झालं पण?” तो म्हणाला, “मुंबईत आपली ओळख आहे वहिनी. पण ऑनलाइन बघू नका, सर्व्हरवर चढायला सहा महिने लागतात.”

तिथेच त्याला दारातून बाहेर काढायला हवं होतं. अर्ज तपासला जातो, मग ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापला जातो, आणि छापल्यावर चार महिने कुणालाही हरकत घेता येते. ती मुदत संपल्याशिवाय प्रमाणपत्र निघतच नाही. महिन्याभरात ते कुणाच्याही बापाला मिळत नाही. दुसरं, त्याने माझी एकही सही घेतली नव्हती. आपल्या वतीने कुणी अर्ज भरायचा तर मुखत्यारपत्र लागतं. तिसरं मला सगळ्यात जास्त बोचतं. जीएसटीचं पान ओटीपीशिवाय हलत नाही, आणि ‘जीएसटीत नाव बदललं’ असं तो सांगत असताना माझ्या मोबाइलवर एकही ओटीपी आला नव्हता. दर महिन्याला रिटर्न भरताना ओटीपी मीच सांगते! पण समोर अशोकस्तंभ होता, सासूबाईंचा चेहरा फुलला होता, आणि दिवाळीची ऑर्डर डोक्यावर होती. अशा वेळी कोण ओटीपी मोजत बसतं?

मग पाकिटं छापायला टाकली. ज्यांनी छापलीत त्यांना माहीत आहे, जितके रंग तितके सिलेंडर (छपाईचे कोरलेले रूळ), आणि एकदा सिलेंडर कोरले की नावातलं एक अक्षर बदलायचं तरी नवे करावे लागतात. छपाईवाल्याचा काही दोष नाही, त्याने काम चोख केलं. पाकिटावर नावापुढे गोलातला आर (®), म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, ऐटीत छापला.

माल बाजारात गेला आणि परराज्यातल्या एका मसाला कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. उच्चार तोच, स्पेलिंग तेवढं वेगळं, आणि वर्ग ३० मध्ये त्यांची जुनी नोंदणी. ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर उच्चारावरून शोधायची सोय आहे, कुणीही फुकट बघू शकतं, याने ते केलंच नव्हतं. मी फ्रेमवरचा क्रमांक टाकून बघितला तर तो वर्ग ६ मधल्या दुसऱ्याच कुणाचा निघाला. वर्ग ६ म्हणजे लोखंडी कड्या-बिजागऱ्या! नोंदणी नसताना गोलातला आर छापणं हेही बेकायदेशीर आहे, ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०७ खाली मोठा दंड होऊ शकतो, हे वकिलाकडून कळलं तेव्हा हातपाय गार पडले. लुटली गेले मी, आणि दोषीही मीच. नोंदणी होईपर्यंत फक्त ‘टीएम’ लिहायचं, हे लक्षात ठेवा.

पैसे परत मागितले तर त्याने उलटा डाव टाकला. डोमेन त्याच्या ईमेलवर, इन्स्टाग्राम त्याच्या नंबरवर, गुगलच्या नोंदीचा मालकही तोच. “पासवर्ड पाहिजे तर १२,००० टाका.” मी दिले नाहीत. आजही आमच्या दुकानाचं नाव शोधलं की फोन त्याला जातो. वेबसाइट कुणीही बनवो, पहिला ईमेल आणि पहिला मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. डिझायनर सख्खा भाऊ असला तरी.

आता पोलिसांचं. ठाण्यातले साहेब माझी फाइल न उघडताच म्हणाले, “ताई, पैसे तुम्ही तुमच्या मर्जीनं दिले ना? मग हे दिवाणी आहे.” मी म्हटलं, अशोकस्तंभ छापून खोटं सरकारी प्रमाणपत्र दिलं, हे दिवाणी कसं? तर म्हणे ऑफिस धरमपेठेत आहे, हद्द आमची नाही. त्या हद्दीत गेले तर म्हणे पैसे यूपीआयने गेले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, माणूस तुमच्या घरी येऊन पेढे खाऊन गेला, यात सायबर काय आहे? ठाण्यात जा. माझ्या डोळ्यांदेखत एका हवालदाराने अर्जावर चहाचा कप ठेवला. बँकेत गेले, तिथल्या मॅडमने मान वर न करता सांगितलं की पिन तुम्हीच टाकलाय. हो, मीच टाकलाय! पिन टाकला म्हणजे लुटायची परवानगी दिली का? प्रत्येकाला फक्त पुढच्या खिडकीचं नाव पाठ. फसवणारा एक, आणि हात झटकणारे रांगेत उभे.

ज्या खात्यात पैसे गेले ते नाव फर्मचं नव्हतं, कुठल्या तरी बाईचं होतं. यूपीआयवर नाव दिसतं, पिन टाकण्याआधी ते मोठ्याने वाचा. सरकारी फी दुसऱ्याच्या हातात देऊच नका, आपल्याच लॉगिनने भरा आणि पावती आपल्याच नावाची घ्या. फसल्याचं कळलं की त्याच तासाला १९३० वर (सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर) फोन करा, मी घरात रडत बसले तेवढ्यात खातं रिकामं झालं.

ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. घेतलाच नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाच्या कायद्याच्या) कलम १७३(४) प्रमाणे तोच अर्ज टपालाने वरच्या अधिकाऱ्यांकडे पाठवा, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. मी आता त्या टप्प्यावर आहे. ग्राहक आयोगातही तक्रार टाकली आहे, पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे फी नाही. ‘हा तर धंद्यासाठी केलेला खर्च’ असं समोरचा म्हणेल, पण स्वतः राबून पोट भरणाऱ्याच्या स्वयंरोजगाराला कायद्यात सूट आहे, ते अर्जात ठळक लिहा.

पाकिटं घरात पडून आहेत. त्यांत माल भरता येत नाही, कारण नाव दुसऱ्याचं आणि खालचा चौदा आकडी अन्नपरवाना आमच्या जुन्या नावाचा. नवीन नावाचा अर्ज यावेळी मी स्वतः भरला, वर्ग ३० साठी ४,५००. क्रमांक त्याच दिवशी मिळाला, साइटवरही दिसतो आहे. निकाल लागेपर्यंत साध्या पाकिटाला स्टिकर लावून विकते.

धरमपेठेतला बोर्ड त्याने उतरवला आहे. तोच माणूस आता वेगळ्या नावाने प्रदर्शनांत फिरतो आहे, असं दोघीतिघींकडून कळलं. उंच, चष्मा, बोलायला अतिशय गोड, बॅगेत दुसऱ्यांच्या प्रमाणपत्रांच्या फ्रेमा. तुमच्या भिंतीवर तसली फ्रेम असेल तर आज रात्रीच क्रमांक टाकून बघा. दुसऱ्याचा निघाला तर ठाण्यात एकट्या जाऊ नका, चार-पाच जणी मिळून जा. एकट्या बाईला दिवाणी म्हणून परत पाठवतात.