एमएसडब्ल्यू की एमपीएच?

एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, एमपीएच म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली. दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे. एमएसडब्ल्यूत आठवड्यातले ठरलेले दिवस फील्डवर्कचे: वस्ती, बालगृह, इस्पितळातला समाजसेवा विभाग. व्यसनी नवऱ्यापायी पिचलेल्या बाईशी बोलायचं कसं, हे तिथेच कळतं. वर रात्री रिपोर्ट लिहीत बसायचं ते वेगळंच. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत (टिस) समाजकार्याचं शिक्षण १९३६ पासून चालू आहे. एमपीएचमध्ये साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र. तिथे एकेक रुग्ण नाही, अख्खा तालुका बघायचा: लसीकरण कुठे अडलं, आशाताईंच्या नोंदी काय सांगतात. आकड्यांचं वावडं असेल तर त्या वाटेला न गेलेलं बरं. माझा कल एमएसडब्ल्यूकडे. मात्र डॉक्टर नसलात तरी बऱ्याच ठिकाणी एमपीएचला प्रवेश मिळतो, हे अनेकांच्या गावीही नसतं.