लिबकर्ल आपल्या प्रोग्राममध्ये: काही महिने वापरल्यानंतर

आधी कशासाठी वापरतोय ते सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. दूध संकलन केंद्रावर काट्यावरचं वजन आणि मशीनमधून फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) घेऊन पावती काढणारा विंडोजवरचा एक सी++ प्रोग्राम आहे, त्यातल्या एंट्र्या सर्व्हरला पाठवायच्या आणि नवा रेट चार्ट आला की खाली ओढायचा, बास एवढंच काम. नेट म्हणजे डोंगल नाहीतर सचिवाच्या मोबाईलचा हॉटस्पॉट, आणि पहाटे किटल्यांची रांग लागली की नेमकं तेव्हाच ते मान टाकतं. अशा ठिकाणी लिबकर्ल, म्हणजे प्रोग्राममधून नेटवर डेटा पाठवायची-आणायची तयार लायब्ररी, गेले काही महिने चालू आहे. माझं मत विचाराल तर लायब्ररी एक नंबर, पण ती तुमच्या वतीने काहीही ठरवत नाही. जे सांगाल तेवढंच करणार, आणि न सांगितलेलं तुम्हाला चालतंय असं धरून चालणार.

यूआरएल देऊन डेटा आणायला-पाठवायला कमांड लाइनवर आपण जे कर्ल मारतो त्याच्याच पोटातली ही लायब्ररी. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गने १९९८ मध्ये कर्ल काढलं, २००० मध्ये लायब्ररी आली. पीएचपीमधली कर्लची फंक्शन्स पण हीच वापरतात, त्यामुळे नाव न घेता बहुतेकांनी ती वापरलेलीच असते.

सुरुवात सोपी आहे. ईझी इनिट करून हँडल (ट्रान्सफरच्या सगळ्या सेटिंग्ज धरून ठेवणारी वस्तू) घ्यायचं, सेटऑप्टने यूआरएल वगैरे द्यायचं, परफॉर्म मारलं की ट्रान्सफर चालतो, शेवटी क्लीनअप. त्याहून सोपं म्हणजे आधी कमांड लाइनवर रिक्वेस्ट चालवून बघा आणि मग त्याच कमांडला लिबकर्ल हा ऑप्शन आणि एक फाइलचं नाव द्या, तेच काम करणारा सी कोड त्या फाइलमध्ये आयता मिळतो. हे कितीतरी जणांना माहीतच नाही.

आता टाइमआउट. खरी मेख इथे आहे. कनेक्ट व्हायला डीफॉल्ट ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं, आणि पूर्ण ट्रान्सफरला मर्यादाच नाही, शून्य म्हणजे कितीही थांब. ऑफिसच्या फायबरवर हे कधी जाणवत नाही. केंद्रावर मात्र मोबाईलच्या कांड्या फुल्ल दिसतात, कनेक्शन लागतं आणि मग एक बाइट हलत नाही, अशा वेळी परफॉर्म तसंच बसून राहतं. नुसता एकूण टाइमआउट लावला तर मोठा रेट चार्ट स्लो नेटवर अर्ध्यात तुटतो, ते पण नको. आम्ही कनेक्टला दहा सेकंद दिलेत आणि त्यासोबत लो स्पीड लिमिट आणि लो स्पीड टाइम ही जोडी लावलीय, म्हणजे इतके सेकंद स्पीड ठरलेल्या आकड्याच्या खालीच राहिला तर सोडून दे. हळू का होईना येत असेल तर येऊ दे, मेलं असेल तर थांबू नको. असल्या नेटसाठी ह्याच्यासारखा ऑप्शन नाही. आणि परफॉर्म ब्लॉकिंग आहे, म्हणजे काम संपेपर्यंत पुढचं काही चालत नाही, त्यामुळे ते वेगळ्या थ्रेडमध्येच, नाहीतर पावतीचा स्क्रीन गोठतो आणि रांगेतले लोक सचिवाला बोलतात.

एरर २८, म्हणजे टाइमआउट, आला याचा अर्थ एंट्री पोचली नाही असा होत नाही बरं का. कधी कधी सर्व्हरने घेतलेली असते आणि फक्त उत्तर वाटेत अडकलेलं असतं. डोळे झाकून परत पाठवलं की एकाच माणसाचं दूध दोनदा चढतं. त्यामुळे प्रत्येक एंट्रीला केंद्रावरच युनिक नंबर आणि सर्व्हरवर त्याची तपासणी. लायब्ररी यात काही करू शकत नाही, तिचा दोषही नाही.

दुसरं, परफॉर्मने ओके दिलं म्हणजे फक्त ट्रान्सफर झाला. सर्व्हरने ४०४ किंवा ५०० दिला तरी परफॉर्म ओकेच म्हणणार, आणि एररचं एचटीएमएल पान तुमच्या रेट चार्टच्या फाइलमध्ये आनंदाने लिहून ठेवणार. फेल ऑन एरर चालू करा किंवा रिस्पॉन्स कोड स्वतः तपासा. मी कोड तपासतो, कारण सर्व्हर एररसोबत जो मजकूर पाठवतो तो मला लॉगमध्ये हवा असतो.

सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या दाखल्याची, गंमत ऐका. एका केंद्रावर रोज सकाळी एरर ६०, म्हणजे सर्टिफिकेट पटलं नाही, असा यायचा, दुपारी सगळं ठीक. मदरबोर्डचा सेल संपलेला, रात्री लाइट गेली की पीसीची तारीख कित्येक वर्षं मागे, आणि त्या तारखेला सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नसतं! नंतर कुणीतरी तारीख नीट करायचं म्हणून दुपारी चालायचं. अशा वेळी नेटवर पहिला सल्ला हाच मिळतो की व्हेरिफाय पीअर (सर्टिफिकेटची तपासणी) बंद करा. अजिबात करू नका, सेल बदला. एरर बफर लावून ठेवलेला असेल तर नुसत्या ६० आकड्याऐवजी कारण शब्दांत मिळतं, आम्हाला त्यावरूनच कळलं. विंडोजवर ओपनएसएसएल वापरणारी बिल्ड असेल तर सीए बंडलची (कुणाच्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायचा त्या यादीची) फाइल सोबत द्यायला विसरू नका.

सी++ वाल्यांसाठी दोन गोष्टी. पोस्टफील्ड्सला (सर्व्हरला पाठवायचा मजकूर देण्याचा ऑप्शन) दिलेली स्ट्रिंग ती कॉपी करत नाही, बाकीच्या स्ट्रिंग करते. तात्पुरत्या स्ट्रिंगचा पॉइंटर दिलात की सर्व्हरला कचरा जाणार, त्यापेक्षा कॉपीपोस्टफील्ड्स वापरून मोकळे व्हा. आणि राइट कॉलबॅकमध्ये (आलेला डेटा घेणारं आपलं फंक्शन) डेटा तुकड्या-तुकड्याने येतो, स्ट्रिंग संपली हे दाखवणारा नल शेवटी नसतो, त्यामुळे जेसन तिथेच पार्स करायला जाऊ नका, आधी सगळं जमा होऊ द्या.

हँडल दर वेळी नवं करू नका. तेच वापरलं तर कनेक्शन उघडं राहतं आणि टीएलएसची (सुरक्षित कनेक्शन जुळवायची) सगळी बोलाचाली परत होत नाही, गर्दीच्या वेळी एंट्र्या पाठोपाठ जातात तेव्हा फरक डोळ्यांना दिसतो. फक्त एक हँडल एकाच वेळी दोन थ्रेडमध्ये नको.

नावं ठेवायचीच तर ऑप्शन इतके आहेत की नवा माणूस गांगरतो, आणि विंडोजवर स्टॅटिक लिंक करताना, म्हणजे लायब्ररी प्रोग्राममध्येच भरताना, लिंकर जी यादी ओकतो ती बघून पोटात गोळा येतो. कर्ल स्टॅटिकलिब डिफाइन करायचं हे आधी माहीत असेल तर अर्धा त्रास वाचतो. आम्ही शेवटी डीएलएलच, म्हणजे लायब्ररीची वेगळी फाइलच, ठेवली, त्यात सोयही आहे, कारण २००६ पासून त्यांनी एबीआय (आधीच बिल्ड केलेला प्रोग्राम आणि लायब्ररी यांच्यातला जोड) मोडलेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॉक्स५ प्रॉक्सीचा तो मोठा सिक्युरिटी घोळ ८.४.० मध्ये दुरुस्त झाला, तसं पुन्हा काही आलं तर आमचा प्रोग्राम नव्याने बिल्ड न करता केंद्रांवर फक्त नवी डीएलएल टाकायची.