दांडिया बाजारातील बायोडेटा-सेवा : पहिला अर्ज चोख, दुसरा उरकलेला

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, नोकरीसाठी बायोडेटा आणि अर्ज तयार करून देणारे एक छोटे कार्यालय आहे. माझ्या भाचीसाठी आम्ही तेथून दोन अर्ज करून घेतले : एक औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागासाठी आणि दुसरा पेट्रोकेमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेसाठी. पहिल्या अर्जाचे १,५०० रुपये आणि पुढील प्रत्येकाचे ४०० रुपये घेतात.

भाची महाराजा सयाजीराव विद्यापीठाची एम.एस्सी. असून दोन वर्षांपासून एका लहान औषध कारखान्यात काम करते. तिच्या जुन्या बायोडेटात वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती, वाचनाची आवड असे सारे होते. कामाविषयी मात्र ‘प्रयोगशाळेतील सर्व कामे’ एवढीच ओळ होती. कार्यालयातील बाईंनी जाहिरातीची छापील प्रत समोर घेतली, तीतील प्रत्येक अपेक्षेखाली रेघ ओढली आणि त्याबाबत तिने स्वतःच्या हाताने काय केले आहे, हे तासभर खोदून विचारले. जाहिरातीत ‘स्टॅबिलिटी’चा, म्हणजे औषध किती काळ टिकते हे तपासण्याचा, अनुभव मागितला होता. ४० अंश सेल्सियस आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये गोळ्यांचे नमुने ठेवणे आणि ठरलेल्या महिन्यांना ते काढून एचपीएलसीवर (द्रावणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) तपासणे हे काम ती नियमित करत होती. पण अहवालावर सही वरिष्ठांची असल्यामुळे ते आपले म्हणून लिहावे, हे तिला कधी सुचलेच नव्हते. नव्या बायोडेटात तीच ओळ सर्वांत वर आली. दोन रकान्यांची रंगीत मांडणीही बाईंनी काढून टाकली, कारण कंपन्यांच्या संकेतस्थळांवर फाइल आधी सॉफ्टवेअर वाचते आणि अशा मांडणीत मजकुराची सरमिसळ होऊ शकते.

एका ठिकाणी मात्र त्यांची लेखणी वाहवली. तपासनीस आले असता भाचीने केवळ नोंदवह्या आणून दिल्या होत्या, त्याचे त्यांनी ‘ऑडिट यशस्वीपणे हाताळले’ असे केले. मुलाखतीत पहिल्याच उपप्रश्नाला उघडे पडणारे हे वाक्य आम्ही खोडायला लावले; त्यांनी ते तक्रार न करता खोडले.

दुसऱ्या अर्जाने निराशा केली. प्रश्न विचारले गेले नाहीत. पहिल्याच पत्रातील कंपनीचे आणि पदाचे नाव बदलून ते दुसऱ्या दिवशी हाती ठेवले. पेट्रोकेमिकलच्या प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे नमुन्यातील घटक वायुरूपात वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावरील तपासणीला, मोठे महत्त्व असते, आणि औषधांत उरलेली द्रावके तपासण्यासाठी भाचीने हे यंत्र भरपूर चालवले आहे. तरीही ती नोंद शेवटून दुसरी होती आणि गोळ्यांची स्टॅबिलिटी दिमाखात वर बसली होती. गॅस क्रोमॅटोग्राफीची ओळ आम्ही अखेर घरी बसून वर आणली. ४०० रुपये मात्र पूर्ण मोजून झाले होते.